भाच्याला धमकीचे मेसेज आले तेव्हा आम्ही काय काय केलं

हे लिहायच्या आधी भाच्याला विचारलं. तो म्हणाला लिही, पण माझं नाव नको, ॲपचं नाव नको आणि मावशी प्लीज रडकं लिहू नकोस. त्यामुळे जमेल तितकं सरळ लिहितेय, काय झालं, कुठल्या क्रमाने काय केलं आणि त्यातल्या कशाचा उपयोग झाला. हा प्रकार आता इतका चालतो की त्याला सेक्सटॉर्शन असं वेगळं नावच पडलंय. कुणीतरी समवयस्क मुलगी असल्याचं भासवायचं, ओळख वाढवायची, गोड बोलून खाजगी फोटो मागायचा आणि तो मिळाला रे मिळाला की सूर बदलायचा, पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो. आणि पैशांसाठी चालणाऱ्या या प्रकारात सगळ्यात जास्त सापडतात ते १४ ते १७ वयाचे मुलगे, हे अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय हिचं कितीतरी वेळा सांगून झालंय. आपण घराघरात मुलींना जपून राहा जपून राहा सांगत बसतो आणि मुलग्यांशी या विषयावर कुणी अवाक्षर काढत नाही.

भाचा सोळाचा आहे. ताई आणि जिजाजी बाहेरगावी गेले होते म्हणून तो माझ्याकडे राहायला आलेला. रात्री उशिरा मला मेसेज आला, "मावशी जागी आहेस का". बाजूच्या खोलीतून. मला आधी हसूच आलं की बाबा भिंतीपलीकडे आहेस, ये ना इकडे, पण लगेच दुसरा मेसेज, "आईला सांगणार नाहीस ना", आणि मग टायपिंग टायपिंग दिसतंय आणि काहीच येत नाहीये. हे बघितल्यावर हसू गेलं. मी उठून त्याच्या खोलीत जाणार होते पण थांबले, कारण पोरगं मेसेजवर बोलतंय याचा अर्थ त्याला तोंड दाखवायचं नाहीये आत्ता. मी लिहिलं, "जागी आहे. जे काय असेल ते आपण दोघं बघू. ओरडणार नाही, फोन काढून घेणार नाही." नंतर त्याने मला सांगितलं की त्या फोन काढून घेणार नाही या वाक्यावर त्याने पुढचं लिहिलं, नाहीतर तो "काही नाही, झोप" असं पाठवणार होता.

मग प्रश्न आला, "गिफ्ट कार्ड ऑनलाईन कसं घेतात?"

इथे मला सगळं कळलं, कारण गिफ्ट कार्डचा कोड मागणं ही या लोकांची ठरलेली पद्धत आहे. कोड एकदा पाठवला की झालं, तो माणूस कुठे बसलाय हे शोधायला फारसा धागा राहत नाही आणि पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य. मी लिहिलं काहीही घेऊ नकोस, मी आत येते. आणि गेले.

त्याचा फोन मी हातात घेतला नाही, त्याच्या शेजारी बसून बघितला. तो स्क्रीन मला अजून आठवतो. खाली मेसेजवर मेसेज येतायत, "१० मिनिटं आहेत तुझ्याकडे", मग "८", मग "तुझं आयुष्य संपवतो", आणि वर एक जोडून केलेलं चित्र, डाव्या बाजूला भाच्याचा प्रोफाईलचा साधा हसरा फोटो आणि उजव्या बाजूला त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट. यादीतल्या काही नावांभोवती लाल गोल केलेले. त्यात त्याची मामेबहीण होती, फुटबॉलचे कोच होते, वर्गातली एक मुलगी होती आणि गंमत म्हणजे एक कुठल्यातरी बुटांच्या कंपनीचं पेज पण होतं, म्हणजे धमकीवाल्याने आपलं वरवर बघून चार-पाच नावं उचलली होती, कोण कोणाचं काय लागतं हे त्याला घंटा माहीत नव्हतं. तो लाल गोल बघून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. भाच्याला मात्र ते दिसतच नव्हतं, त्याला फक्त कोच दिसत होते.

हे जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते सगळा खेळ त्या यादीवर आहे. फोटो त्या माणसाकडे असतोच, पण नुसत्या फोटोचं तो काय करणार, त्याला माणसं हवीत दाखवायला. म्हणून हे लोक आधी फॉलो रिक्वेस्ट पाठवतात, ती स्वीकारली की यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवतात आणि त्यानंतर "हाय" म्हणतात. भाच्याच्या बाबतीत पण असंच, अकाउंट प्रायव्हेट होतं त्याचं, त्या भरवशावरच तो होता, पण एका मुलीच्या नावाने रिक्वेस्ट आली, मित्रांपैकी दोघं आधीच तिला फॉलो करत होते, म्हणून याने पण हो केलं. मग गप्पा, मग "इथे नको, तिकडे बोलू" म्हणून दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर नेलं, तिकडे नंबर द्यावा लागला, मग तिने स्वतःचा (म्हणजे कुणाचा तरी चोरलेला) फोटो पाठवला आणि आता तुझा. हे सगळं एका संध्याकाळीत. महिनोन् महिने ओळख वाढवून वगैरे नाही, जेवणाच्या आधी हाय आणि जेवणानंतर धमकी. तुम्ही "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" शिकवलेलं असतं पण मित्रांच्या यादीत दिसणारी मुलगी त्याच्या दृष्टीने अनोळखी नसतेच ना.

त्याने काय पाठवलं होतं ते मी विचारलं नाही, बघितलं पण नाही. त्याला तेवढंच म्हटलं की तो फोटो मला दाखवायचा नाही, मला पाठवायचा नाही, कुणालाच पाठवायचा नाही, पुरावा म्हणून सुद्धा नाही. हे फक्त त्याची लाज राखायला नाही. अठराच्या आतल्या मुलाचा असा फोटो जवळ ठेवणं, पुढे पाठवणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे आणि त्यात मी चांगल्या हेतूने घेतला वगैरे नेहमी चालतंच असं नाही. शिवाय जितक्या फोनवर तो जाईल तितक्या ठिकाणी त्याच्या कॉप्या.

मग पुढचं काम. भाच्याचा हात सारखा ब्लॉकच्या बटणाकडे जात होता, मी म्हटलं थांब, आधी स्क्रीनशॉट, ब्लॉक नंतर. काही ॲपवर ब्लॉक केलं की चॅटच यादीतून गायब होतं, आणि समोरचा आपले मेसेज मागे पण घेऊ शकतो, आणि खरंच आमच्या डोळ्यांदेखत तो घेत होता, "हा मेसेज डिलीट केला आहे" असं वरून एकेक होत चाललं होतं. म्हणजे धमकी वाचून झाली की पुरावा पुसायचा. त्यामुळे भराभर घेतले. प्रोफाईलचं पान, त्यात युझरनेम नीट दिसेल असं, प्रोफाईलची लिंक कॉपी करून नोट्समध्ये ठेवली (ही लिंक महत्त्वाची, नाव तो केव्हाही बदलेल), दुसऱ्या ॲपवरचा नंबर देशाच्या कोडसकट, पैसे मागितलेले मेसेज तारीख-वेळ दिसेल असे, गिफ्ट कार्ड कुठलं हवं ते, आणि तो लाल गोलवाला यादीचा स्क्रीनशॉट. ज्या ठिकाणी त्याचा खाजगी फोटो होता तो भाग स्क्रोल करून वगळला. चॅट डिलीट करायचं नाही, अकाउंट डिलीट करायचं नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं कारण त्याला ते सगळं आत्ताच्या आत्ता नाहीसं व्हायला हवं होतं, आणि ते मी समजू शकते.

उत्तर काय द्यायचं? काहीच नाही. भाच्याने तोपर्यंत प्लीज प्लीज भरपूर लिहिलं होतं, दादा म्हणून झालं होतं, पोलिसांत जाईन म्हणून पण झालं होतं. यातल्या कशानेही समोरच्याला फरक पडत नाही, उलट तुम्ही उत्तर देताय याचा अर्थ तुम्ही घाबरलाय आणि फोन हातात आहे, एवढंच त्याला कळतं. पैसे दिले तर काय होतं, तर तो आणखी मागतो, कारण आता त्याला माहीत असतं की इथून मिळतात. "थोडेसे देऊन टाकू आणि विषय संपवू" हा विचार प्रत्येकालाच येतो, ताईला सुद्धा दुसऱ्या दिवशी आला.

मग रिपोर्ट. इथे एक तपशील सांगण्यासारखा आहे. रिपोर्टमध्ये कारण निवडायला सांगतात आणि घाईत बोट पहिल्या पर्यायावर जातं, स्पॅम किंवा खोटं अकाउंट. भाच्याने मी यायच्या आधीच तसा एक रिपोर्ट करून ठेवला होता आणि त्याला काही वेळाने मशीनचं उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग झालेला आढळला नाही. वाचून पोराचा चेहरा असा पडला की विचारू नका, म्हणजे जगात कुणालाच यात काही चूक दिसत नाही असं त्याला वाटलं. मी म्हटलं ते कुणी माणसाने वाचलेलंच नाहीये रे. मग परत केला, या वेळी कारणांमध्ये आत आत जाऊन खाजगी फोटो पसरवायची धमकी, त्यातही व्यक्ती १८ च्या आतली आहे, असा पर्याय निवडून, आणि प्रोफाईलचा वेगळा, मेसेजचा वेगळा. सकाळपर्यंत ते अकाउंट गेलेलं होतं. दुसऱ्या ॲपवरच्या नंबरचं काय झालं ते कळलं नाही, पण तिकडे पण रिपोर्ट करून मगच ब्लॉक केलं.

त्यानंतर खरं काम त्या रात्रीचं, आणि यात टेक्निकल काहीच नाही, त्याला एकटं सोडायचं नाही. मी माझी गादी त्याच्याच खोलीत टाकली. अमेरिकेत मिशिगनमधल्या १७ वर्षांच्या एका मुलाने २०२२ मध्ये अशाच धमक्यांनंतर काही तासांत जीव दिला होता, त्या केसमध्ये नायजेरियातल्या दोन भावांना तिकडे नेऊन २०२४ मध्ये साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली, ही बातमी मी वाचलेली होती आणि ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. त्याला सांगितली नाही तेव्हा. पण सरळ विचारलं की तुला स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय का. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं असं लोक म्हणतात, तसं नसतं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, तसं नाही, पण उद्या उगवूच नये असं वाटतंय. मग आम्ही बोलत बसलो. त्याने जास्त काही सांगितलं असतं तर मी रात्रीच्या रात्री डॉक्टर किंवा हेल्पलाईन गाठली असती, वाट बघितली नसती.

त्याला मी दुसरी एक बातमी मात्र वाचून दाखवली. २०२४ च्या जुलैमध्ये मेटाने, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, नायजेरियातली जवळपास ६३ हजार इन्स्टाग्राम अकाउंट एका झटक्यात काढून टाकली, सगळी याच धंद्यातली. म्हणजे कुठेतरी माणसं बसतात, त्यांच्याकडे काय बोलायचं याचं स्क्रिप्ट तयार असतं, कॉपी पेस्ट, एका वेळी कितीतरी पोरांशी तेच तेच बोलतात. "ती" कुणी नाहीच आहे. भाचा म्हणाला, म्हणजे ती मला जे बोलली ते सगळ्यांनाच बोलते? आणि यावर त्याला भीतीपेक्षा जास्त राग आला. राग आला हे मला चांगलंच वाटलं, खरं सांगू तर.

सकाळी टेक इट डाऊन. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी नाव लक्षात ठेवा, अमेरिकेतली एनसीएमईसी म्हणून मुलांसाठीची संस्था आहे, ती ही सेवा फुकट चालवते आणि जगात कुठूनही वापरता येते. फोटो काढला तेव्हा वय १८ च्या आत असलं पाहिजे एवढीच मुख्य अट. (मोठ्यांसाठी स्टॉप एनसीआयआय म्हणून अशीच वेगळी सेवा आहे.) भाच्याला पहिली शंका हीच की म्हणजे तो फोटो मी अजून एका वेबसाईटला देऊ? तर नाही. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही. तुम्ही तो फोनमधून निवडायचा, फोनवरच त्याचा हॅश बनतो, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ, आणि फक्त ती ओळ पुढे जाते. बोटाच्या ठशासारखी ती त्या फोटोची ओळख असते पण तिच्यावरून उलटा फोटो बनवता येत नाही. ज्या कंपन्या यात सामील आहेत, फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट वगैरे, त्यांच्याकडे ती ओळ जाते आणि तिथे कुणी तोच फोटो टाकला तर त्यांना तो ओळखून अडवता येतो. नाव सांगावं लागत नाही. मी दार ओढून बाहेर थांबले आणि त्याने त्याचं त्याचं केलं, मध्येच ओरडून विचारलं की मावशी, एडिट केलेला असेल तर? एडिट केलेला, कापलेला असेल तर त्याचा हॅश वेगळा होतो, तो आपल्याकडे असेल तर वेगळा द्यावा लागतो. आणि जिथे एन्क्रिप्शन आहे, म्हणजे खाजगी मेसेज कंपनीलाच दिसत नाहीत, तिथे याचा उपयोग नाही, हे पण त्याला स्पष्ट सांगितलं, खोटा दिलासा दिला की नंतर ते आपल्यावरच उलटतं. तरी आपण काहीतरी केलं, नुसतं वाट बघत बसलो नाही, याचा त्याच्यावर चांगलाच परिणाम झाला, खाली येऊन नीट खाल्लं त्याने. याच संस्थेकडे पैशांच्या धमकीच्या तक्रारी २०२२ मध्ये १० हजारांच्या वर आल्या होत्या आणि २०२३ मध्ये २६ हजारांच्या वर, हे तिथे वाचल्यावर म्हणाला, एवढ्या जणांनी सांगितलं तरी. न सांगणाऱ्यांचं काय मग.

मध्येच आणखी एक सापळा होता तो सांगायलाच हवा. रात्री मी यायच्या आधी पोराने नेटवर शोधाशोध केली होती आणि कुठल्या तरी व्हिडिओखाली कमेंट सापडल्या, "मला पण असंच झालं होतं, या अमुक हॅकरने सगळे फोटो डिलीट करून दिले, याला मेसेज करा". सगळ्या कमेंट एकाच छापाच्या. हे सुद्धा लुटारूच, पहिल्या चोराने घाबरवलेल्या माणसाला गाठणारे दुसरे चोर. दुसऱ्याच्या फोनमधून फोटो पुसून देतो असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर तो खोटं बोलतोय, बस.

मग ताई. तिला सांगायचं नाही असं मी रात्री वचन दिलेलं नव्हतं, मी फक्त म्हटलं होतं की तुला न विचारता सांगणार नाही. दुपारी त्याच्याशी ठरवलं की सांगणं भाग आहे, तू सांगतोस की मी. तो म्हणाला तू सांग, मी बाजूला बसतो. व्हिडिओ कॉल केला. माय मरो मावशी उरो म्हणतात ते उगाच नाही हे मला तेव्हा कळलं, कारण आईची पहिली प्रतिक्रिया आईचीच असते, ताई आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली तो फोन आत्ता बंद कर आणि कपाटात ठेव, कॉलेजला जाईपर्यंत मिळणार नाही. मी म्हटलं ताई, याच भीतीने तो काल रात्री गिफ्ट कार्ड घ्यायला निघाला होता. जिजाजी गप्प होते, आणि एकदम म्हणाले, "बेटा, तू सांगितलंस ना, बरं केलंस." एवढंच. ते फार बोलत नाहीत पण बोलले ते वेळेवर.

पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार ताई-जिजाजी परत आल्यावर केली, त्यांच्याच नावाने, मुलगा अल्पवयीन आहे म्हणून. स्क्रीनशॉट, लिंक, नंबर, वेळा असं सगळं एका फोल्डरमध्ये होतं त्यामुळे तिथे फार वेळ गेला नाही. समोरच्या बाईंनी पहिलं विचारलं पैसे दिले का, नाही म्हटल्यावर शाब्बास म्हणाल्या. पुढे काय झालं ते मला विचारू नका, आरोपी परदेशात असला की या गोष्टी किती हळू चालतात ते तुम्हाला माहितीये. पण तक्रारीचा क्रमांक हातात असला की पुढे ॲपवाल्यांशी, शाळेशी बोलताना आधार राहतो.

आणि हो, त्या माणसाने एकाला मेसेज केलाच. वर्गातल्या एका मित्राला, नव्या अकाउंटवरून, "हा तुझा मित्र ना? याचं काय आहे बघायचंय?" असं, फोटो नव्हता. पण आम्ही सकाळीच भाच्याच्या जवळच्या चार-पाच जणांना त्याच्याकडूनच एक मेसेज पाठवून ठेवला होता, की मला कुणीतरी ब्लॅकमेल करतंय, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका, पुढे पाठवू नका, रिपोर्ट करा आणि मला सांगा. यावर तो आधी अजिबात तयार नव्हता, म्हणे मी स्वतःच जाहिरात करू का. पण झालं असं की मित्राने रिपोर्ट करून ब्लॉक केलं आणि भाच्याला लिहिलं, "आला होता तुझा तो. हाकलला. उद्या प्रॅक्टिसला येतोयस ना". आणि पोराच्या मानेवरचं ओझं उतरताना मी बघितलं. धमकीवाल्याचा सगळा खेळ त्या यादीवर चालतो म्हटलं ना, तर यादीतल्या लोकांना तुम्हीच आधी सांगून टाकलं की त्याच्या हातात काय उरतं.

आता सेटिंगचं. हे आठवडाभराने केलं, त्याच दिवशी नाही, कारण त्या दिवशी केलं असतं तर ती शिक्षा वाटली असती. दोघं बसलो, फोन त्याच्या हातात, मी फक्त विचारतेय हे काय आहे, ते काय आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी सापडली ती प्रायव्हसीच्या पानावर नव्हतीच, ती होती जन्मतारखेत. बहुतेक सगळ्या ॲपना १३ वर्षांची अट असते, अमेरिकेचा १९९८ चा मुलांच्या माहितीबद्दलचा कायदा आहे, त्यावरून ती आलीये. भाच्याने अकरा वर्षांचा असताना गेमसाठी ईमेल उघडताना जन्मसाल मागे ढकललं, मग पुढे सगळीकडे तेच टाकत गेला, आणि त्यामुळे सोळाव्या वर्षी ॲपच्या हिशोबाने तो बावीसचा होता! म्हणजे इन्स्टाग्रामने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये टीन अकाउंट आणली, ज्यात अठराच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं, ज्यांना फॉलो करतोस त्यांच्याशिवाय कुणी मेसेज करू शकत नाही, सोळाच्या आतल्यांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते, यातलं काहीही त्याला लागूच नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेटाने असंही सांगितलं की ज्या अकाउंटवर ब्लॅकमेलचा संशय आहे त्यांना दुसऱ्यांच्या फॉलोअर्सची यादी दिसू देणार नाही, म्हणजे यादीचा मुद्दा त्यांच्याही लक्षात आलाय. पण खोट्या तारखेने तुम्ही स्वतःला मोठ्यांच्या रांगेत उभं केलं असेल तर लहानांसाठीची कवचं तुम्हाला मिळणार कशी.

तर तारखा दुरुस्त केल्या. त्याची कुरकुर होती, म्हणे आता काही गोष्टी दिसणार नाहीत, मी म्हटलं नाही दिसणार. मग स्नॅपचॅटवर आपलं लोकेशन लपवणारा घोस्ट मोड, व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते फक्त काँटॅक्ट, डिस्कॉर्डवर सर्व्हरमधल्या (म्हणजे तिथल्या ग्रुपमधल्या) लोकांचे थेट मेसेज बंद, सगळीकडे टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी. हे पटापट झालं. वेळ गेला फॉलोअर्स काढण्यात. एकेक नाव घेऊन प्रश्न एकच, हा समोर आला तर ओळखशील का? शेकड्यांनी नावं गेली. मध्ये एकदा तो थांबला, एका मुलीच्या प्रोफाईलवर, तीन फोटो, सगळे एकाच दिवशी टाकलेले, फॉलोअर्समध्ये नुसते त्याच्या वयाचे मुलगे. त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही, रिपोर्ट केलं आणि पुढे गेला.

जिजाजींचं म्हणणं की हे सगळं करण्यापेक्षा ऑस्ट्रेलियासारखं बंदच करावं, तिकडे १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाचं अकाउंट ठेवता येत नाही आणि दंड पोरांना नाही, कंपन्यांना. मला तो विचार अगदीच टाकाऊ वाटत नाही, जबाबदारी कंपनीवर टाकली ते योग्यच. पण त्या बंदीत व्हॉट्सॲप नाही, डिस्कॉर्ड नाही, रोब्लॉक्स हा ऑनलाईन गेम नाही, आणि आमच्याकडे खरा घात झाला तो "तिकडे बोलू" म्हणून दुसऱ्या ॲपवर नेल्यावर. शिवाय भाचा सोळाचा पूर्ण आहे, त्याला ती बंदी लागूच झाली नसती. यावर जिजाजी आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. आणि आता तर फोटो पाठवायची पण गरज उरलेली नाही, साधा चेहऱ्याचा फोटो उचलून एआयने खोटा बनवतात आणि तीच धमकी देतात, त्यालाही क्रम तोच, आणि टेक इट डाऊनमध्ये तसे बनवलेले फोटो सुद्धा चालतात.

घरात ठरलं ते एवढंच की कुठलीही गोष्ट सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, रात्री फोन खोलीबाहेर चार्जिंगला (ताईचा आणि जिजाजींचा पण, यावर जिजाजींनी सगळ्यात जास्त वाद घातला), आणि अडचण आली की आई, बाबा, मावशी, ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांगायचं, एकाला तरी.

सध्या भाच्याने मित्रांच्या जन्मतारखा तपासायचा उद्योग काढलाय. फुटबॉलच्या टीममधल्या निम्म्या पोरांची वयं ॲपवर वीसच्या पुढे निघाली. एकाचं तर जन्मसाल १९९०, त्याला विचारलं तर म्हणे स्क्रोल करताना जिथे थांबलं ते टाकलं. त्याचं अजून दुरुस्त व्हायचंय, कारण पासवर्ड त्याला आठवत नाहीये आणि ज्या ईमेलवर कोड जातो तो ईमेल त्याच्या मोठ्या बहिणीचा आहे.